हक्काचा पोषण आहार कुठे सुटतो आणि तो कसा मिळवायचा: गरोदरपणापासून बाळाच्या सहाव्या वर्षापर्यंत

नाव सासरच्या अंगणवाडीत, बाई माहेरी, आणि बाळाचं नाव कुठेच नाही. महाराष्ट्रात आई आणि लहान मुलांच्या आहाराचं जे होतं, ते बहुतेक वेळा असं होतं. योजना नाही असं नाही. राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत, कायदा आहे, पैसे आहेत. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने लुकडी निघाली. दारिद्र्य, लवकर लग्नं, पाणी, आजारपणं अशी कारणं पुष्कळ आहेत. पण हातात असलेला आहारही ज्या ठिकाणी गळतो, त्या जागा ठरलेल्या आहेत: माहेरपण, बाळाचा सहावा महिना, तिसरा वाढदिवस, ऊसतोडीचा हंगाम. म्हणजे एका यादीतून दुसऱ्या यादीत नाव जाण्याची वेळ. या लेखात त्या जागा एकेक करून घेतल्या आहेत. आशाताई, बचत गटाच्या बाया, ग्रामपंचायत सदस्य किंवा घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेसाठी धडपडणारे तुम्ही, कोणालाही हे वापरता येईल.

आधी हक्क काय आहे ते पक्कं करा

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. त्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने प्रत्येक स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहार मिळायला हवा. पाचव्या कलमानुसार सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला. 'प्रत्येक' हा शब्द तिथेच आहे. रेशन कार्ड पिवळं की केशरी, नवरा काय करतो, घर स्वतःचं की भाड्याचं, यातलं काहीही अंगणवाडीच्या आहारासाठी विचारायचं कारण नाही. 'तुमचं कार्ड केशरी आहे, तुम्हाला नाही मिळायचं' असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे, आणि ते शांतपणे सांगता येतं.

किती मिळायला हवं? गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसाला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं. मुलाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. वर्षाला ३०० दिवस, म्हणजे महिन्याला २५ दिवस. घरपोच आहाराची पाकिटं हातात आली की हाच हिशोब करा: पाकिटावरचं वजन, रोज किती वापरायचं ते, आणि मिळालेली पाकिटं २५ दिवस पुरतात का. दोन महिन्यांचा आहार एका महिन्यात मिळाला असेल तर मागच्या महिन्याचा आला की पुढच्याचा, हेही विचारून घ्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१७ मध्ये या आहारासाठी जो खर्च ठरला, तो मुलामागे दिवसाला ८ रुपये, मातेमागे साडेनऊ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये असा होता. तेवढ्यात काय शिजतं हे घर चालवणाऱ्या कोणालाही कळतं. त्यामुळे 'पाकीट आवडत नाही' म्हणणाऱ्या आईला बेजबाबदार ठरवण्याआधी ते पाकीट एकदा स्वतः शिजवून खाऊन बघावं. हा आहार घरच्या जेवणाला जोड आहे, त्याच्या जागी नाही.

पहिले तीन महिने: नोंदणी एक नाही, दोन

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पाळी चुकली, तपासणी झाली, आशाताईने नाव लिहून नेलं, आता झालं, असं घरच्यांना वाटतं. पण आशाताई आणि नर्सबाई जी नोंद करतात ती आरोग्य विभागाची. तिथून माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि त्यावर आरसीएच क्रमांक (आरोग्य विभागाच्या माता-बाल नोंदणीचा क्रमांक) पडतो. आहाराची नोंद अंगणवाडी सेविका 'पोषण ट्रॅकर' या ॲपमध्ये वेगळी करते. एकीकडे नाव असलं म्हणजे दुसरीकडे असतंच असं नाही.

म्हणून हे करा:

१. दिवस गेल्याचं कळताच बाईला घेऊन दोन्हीकडे जा. उपकेंद्रावर शेवटच्या पाळीची तारीख नीट लिहून घ्या, कारण पुढे पैशाचा सगळा हिशोब त्या तारखेवरून होतो.

२. अंगणवाडीत सेविकेला सांगा, 'ताई, नाव टाकलं की मोबाइलवर दाखवा.' नाव, आधारवरचं स्पेलिंग आणि मोबाइल नंबर तिथेच वाचून घ्या.

३. कार्डाचे फोटो काढून ते घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा. कार्ड पावसात भिजतं, हरवतं, सासूबाईंच्या पेटीत कुलूपबंद राहतं.

जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना चेहरा ओळखण्याची पद्धत बंधनकारक झाली. सेविका बाईचा फोटो काढते आणि तो आधारच्या नोंदीशी जुळवून बघते. त्याआधी ई-केवायसी लागते आणि तिचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. प्रत्यक्षात होतं ते असं: बाई अंगणवाडीच्या दारात बाळाला कडेवर घेऊन उभी आहे, आणि ओटीपी गेलाय नवऱ्याच्या फोनवर, जो चाळीस किलोमीटरवर कंपनीत दुसऱ्या पाळीला आहे आणि ज्याला आत फोन न्यायची परवानगी नाही. किंवा आधारवरचा फोटो शाळेतल्या वयाचा आहे आणि मशीन तो चेहरा मानत नाही. सेविका तरी काय करणार, तिचा फोनही जुना आणि रेंज नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे: गरोदरपणातच, पोट जड होण्याआधी, आधार केंद्रावर जाऊन बाईचा स्वतःचा मोबाइल नंबर आणि ताजा फोटो नोंदवून घेणं. तोवर आहार अडला तर 'चेहरा जुळला नाही म्हणून आहार दिला नाही' असं सेविकेकडून किंवा पर्यवेक्षिकेकडून (सेविकांच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईंकडून) लिहून मागा. कायद्याने दिलेला हक्क ॲपच्या अडचणीमुळे संपत नाही, आणि लिहून द्यायची वेळ आली की वाट बहुधा निघते. बाळाचं आधार नाही म्हणून मात्र थांबू नका, आईच्या आधारवर काम चालतं.

अठरा वर्षांच्या आतली मुलगी गरोदर असेल तर घरचे नोंदच करत नाहीत. लग्नाची भानगड बाहेर येईल, पोलीस येतील, ही भीती असते, आणि ती अगदी निराधारही नाही. पण अन्नसुरक्षा कायद्यात आहारासाठी वयाची अट नाही. सगळ्यात अशक्त आई हीच असते, तिला सातव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात नेणं हे सगळ्यात धोक्याचं. आशाताईला विश्वासात घ्या.

माहेर आणि सासर

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, मुलगी माहेरी येते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की परत जाते. म्हणजे आहाराची सगळ्यात जास्त गरज असलेले पाच-सहा महिने ती अशा गावात असते जिथे तिचं नाव नाही. सासरी पाकिटं येतात. कधी सासू ती सांभाळून ठेवते, कधी ती घरात संपतात, कधी चेहरा नाही म्हणून दिलीच जात नाहीत. माहेरची सेविका म्हणते, 'तिचं नाव तिकडे आहे, मी दोनदा टाकू शकत नाही.' तिचंही बरोबर असतं.

पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे पाठवण्याची सोय आहे. फक्त ती कोणी मागत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी सासरच्या सेविकेला सांगा की अमुक गावी, अमुक तालुक्यात जाते आहे, स्थलांतराची नोंद करा. तिचा मोबाइल नंबर घ्या. माहेरी पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत तिथल्या सेविकेकडे जा आणि दोघींचं फोनवर बोलणं करून द्या. हा फोन दहा मिनिटांचा असतो, पण तो घरच्यांनीच लावून द्यावा लागतो. परत जाताना हेच उलट, आणि त्या वेळी बाळाचं नावही आईसोबत हललं का ते बघा.

आदिवासी प्रकल्पातल्या गावांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. ती २०१५ च्या अखेरीस सुरू झाली. राज्यातल्या १६ जिल्ह्यांच्या आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार, आणि मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी, असं तिचं स्वरूप. इथे अडचण नावाची नसते, वेळेची असते. बाई सकाळी सातला मजुरीला गेली तर दुपारी अंगणवाडीत जेवायला कशी येणार? पाड्यावरच्या बायांनी आहार समितीसोबत बसून जेवणाची वेळ ठरवून घ्यावी. भातलावणीच्या आठवड्यांसाठी वेगळी वेळ मागायला काहीच हरकत नाही.

मातृवंदनेचे पैसे

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की ३,०००. बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचं लसीकरण झालं की २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर एकदम ६,०००, हे १ एप्रिल २०२२ पासून. दुसरा मुलगा किंवा तिसरं अपत्य असेल तर काहीही नाही. अन्नसुरक्षा कायद्यात मात्र, सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या बाया सोडल्या, तर प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये असं लिहिलेलं आहे. ही गळती यादीतली नाही, योजना आखतानाच ठेवलेली आहे, आणि ती भरून काढणं अर्जाने होणार नाही.

इथे अट आहे, पण ती बरीच सैल आहे. अन्नसुरक्षेचं रेशन कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, किसान सन्मान निधी, जात (अनुसूचित जाती-जमाती), ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व, किंवा वर्षाला ८ लाखांच्या आतलं उत्पन्न, यांपैकी एकाचा पुरावा पुरतो. नवऱ्याचं आधार लागत नाही. टाकलेल्या, विधवा आणि एकट्या बायांना हे कोणी सांगतच नाही. आधी गर्भपात झाला असेल किंवा मूल मृत जन्मलं असेल तरी पुढच्या वेळी नव्याने अर्ज करता येतो. बाळ जन्मल्यावर २७० दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे हे धरून चाला. तुमच्या गावात अर्ज आशाताई भरतात की सेविका, हे आधी विचारा. पोर्टलवर स्वतःही भरता येतो.

पैसे अडतात ते जास्त करून दोन ठिकाणी. पहिलं, नाव. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, कार्डावर तिसरंच काहीतरी. घरचे घाईघाईने आधार बदलायला जातात आणि मग बँकेत ते जुळत नाही. माझा सल्ला: बाळंतपण होऊन पैसे येईपर्यंत आधारवर जे नाव आहे तेच सगळीकडे चालवा, नाव बदलायचं ते नंतर.

दुसरं, खातं. 'आधार बँकेला लिंक आहे' आणि 'सरकारी पैसे याच खात्यात येतील' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेट लाभाचे पैसे ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं गेलं तिथे जातात. मध्येच कधीतरी पोस्टमनकाकांनी दारात येऊन अंगठा घेऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडलेलं असतं, पैसे तिथे पडलेले असतात, आणि घरचे ग्रामीण बँकेच्या पासबुकात शोधत बसतात. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की बँकेचं नाव दिसतं. तक्रार करण्याआधी हे बघाच.

सोबत दोन गोष्टी लक्षात ठेवा. सरकारी दवाखान्यात प्रसूती, औषधं, तपासण्या, रक्त, आणि ॲडमिट असेपर्यंतचं जेवण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. साध्या प्रसूतीला तीन दिवस, सिझेरियनला सात. गाडीसाठी १०२ आणि अडचणीच्या वेळी १०८. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायांना वेगळे मिळतात. मातृवंदना मिळाली म्हणून ते बंद होत नाहीत.

सहावा महिना: आईचं नाव गेलं, बाळाचं आलं नाही

बाळ सहा महिन्यांचं झालं की आई यादीतून निघते आणि बाळ यादीत येतं. निदान यायला हवं. आईचं नाव तारखेनुसार बाहेर पडतं, पण बाळाचं नाव कोणीतरी टाकावं लागतं. सेविका संपावर असेल, बाळ माहेरी जन्मलं असेल, जन्माचा दाखला निघालेला नसेल, तर दोन-तीन महिने असेच जातात. आणि हेच महिने असे असतात जेव्हा नुसतं दूध पुरत नाही आणि वरचं खाणं नीट सुरू झालेलं नसतं. डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये राज्यभर सेविका-मदतनिसांचा संप चालला, तेव्हा ज्या बाळांनी त्या काळात सहा महिने ओलांडले त्यांच्या नोंदी किती मागे पडल्या असतील याचा विचार करा. संपाला माझा विरोध नाही, त्यांच्या मानधनात घर चालत नाही. पण संप मिटल्यावर नोंदी पुऱ्या करून घ्यायचं काम गावाने करायला हवं.

म्हणून पाचव्या महिन्यातच सेविकेकडे जा. जन्माचा दाखला दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिथूनच सुरू होतो. जन्मनोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. उष्टावण कधी करायची ते घरचे ठरवतातच, त्याच आठवड्यात अंगणवाडीचं नावही करून टाका.

पाकीट घरात आलं की ते सगळ्यांचं होतं, मोठ्या भावंडांचंही. त्यावर ओरडून उपयोग नाही. बाळाचा वाटा आधी वेगळ्या डब्यात काढून ठेवा. पीठ तव्यावर थोडं भाजून, गरम पाण्यात किंवा दुधात घट्टसर शिजवून, वर एक चमचा तेल किंवा तूप घातलं की बाळ खातं. पातळ पाण्यासारखी पेज पोट भरते, अंगाला लागत नाही. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, आणि दूध चालूच. मोठ्यांच्या ताटातली घट्ट डाळ, कुस्करलेला भात, उकडलेलं अंडं, केळं, हे पाकिटाइतकंच मोलाचं.

तिसरा वाढदिवस

तीन वर्षं पूर्ण झाली की घरपोच आहार बंद होतो आणि अंगणवाडीत बसून नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळतो. म्हणजे आता मुलाने अंगणवाडीत जायला हवं. जिथे अंगणवाडी पाड्यापासून ओढ्यापलीकडे आहे, जिथे आई दिवसभर शेतात आणि मुलाला पोचवायला कोणी नाही, तिथे मुलाचं नाव राहतं, हजेरी राहते, पण जेवण मिळत नाही. इंग्रजी बालवाडीत घातलेल्या मुलांचंही हेच. घरात पैसे आले म्हणून नव्हे, शेजारचे घालतात म्हणून कर्ज काढून घातलेली ती मुलं.

एका वस्तीतल्या चार-पाच घरांनी मिळून एका आजीला मुलं पोचवण्याचं काम द्यावं, हा उपाय अनेक गावांत चालतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्च करायची असते. ग्रामसभेत विचारा, मागच्या वर्षी ती कशावर झाली. शिलाई मशीन वाटपाऐवजी अंड्यांवर, वजनकाट्यावर किंवा पोचवणाऱ्या आजीच्या मानधनावर ती वळवता येते का ते ठरवा. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित भागात, ५ टक्के अबंध निधी (कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचा) थेट ग्रामपंचायतीकडे येतो, तो वेगळा.

वजन आणि दंडाचा घेर

दर महिन्याला मुलाचं वजन आणि उंची घ्यायची असते. ती घेतल्यावर आकडा कार्डावर लिहून घ्या, नुसतं 'बरं आहे' ऐकून परत येऊ नका. सलग दोन महिने वजन वाढलं नाही तर विचारायची वेळ आली.

दंडाची पट्टी सेविकेकडे आणि आशाताईकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात घ्यायचा. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध खूण करायची, हात सैल सोडायचा, पट्टी गुंडाळायची. कातडीला टेकेल इतकी, पण मांसात रुतणार नाही अशी. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आकडा आला तर मूल तीव्र कुपोषित, ज्याला सगळे 'सॅम' म्हणतात. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मध्यम, म्हणजे 'मॅम'. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठ्याने थोडा वेळ दाबून बघायचं. खड्डा पडला आणि तसाच राहिला तर ती सूज आहे, आणि ते मूल दिसायला गुटगुटीत असलं तरी लगेच दवाखान्यात न्यायचं.

सॅम मूल असेल आणि भूक चांगली असेल, ताप-जुलाब-खोकला नसेल, तर गावातच ग्राम बालविकास केंद्र, म्हणजे व्हीसीडीसी, लावायचं असतं. अंगणवाडीतच मुलाला दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खाऊ घालतात आणि जास्त ताकदीचा आहार देतात. भूक मेली असेल, सूज असेल किंवा आजार असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र, एनआरसी. तिथे साधारण १४ दिवस राहावं लागतं. आई तयार होत नाही ती मुलाच्या काळजीपोटी नव्हे, घरी दुसरी दोन मुलं आहेत आणि मजुरी बुडते म्हणून. तिला आधी सांगा की तिथे आईलाही जेवण आणि बुडीत मजुरी मिळते, आणि मग घरच्या दोन मुलांची सोय कोण करणार ते बसून ठरवा. ते ठरल्याशिवाय ती चौथ्या दिवशी परत येईल. परत आल्यावरही मुलाचं नाव अंगणवाडीच्या यादीत 'सॅम' म्हणून राहिलं पाहिजे, नाहीतर जास्तीचा आहार थांबतो.

उचल घेतली, टोळी निघाली

दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही कर्नाटकात. गावात यादी आहे पण मूल नाही, कारखान्याच्या तळावर मूल आहे पण यादी नाही. कोपीत राहणारी बाई पहाटे चारला फडात जाते, तान्हं झोळीत, मोठी बहीण शाळा सोडून ते सांभाळते. वीटभट्टीवर जाणाऱ्या रायगड-पालघरच्या कातकरी कुटुंबांचं हेच.

निघण्याआधी, उचल (मुकादमाकडून आगाऊ मजुरी) मिळाली की लगेच:

१. गावच्या सेविकेकडून पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद. जाणार त्या तालुक्याचं आणि कारखान्याचं नाव मुकादमाकडून घ्या.

२. टोळीतल्या गरोदर बायांची आणि सहा वर्षांखालच्या मुलांची एक यादी: नाव, जन्मतारीख, आईचं आधारवरचं नाव, गावची अंगणवाडी. त्याच्या दोन प्रती.

३. गावच्या सेविकेचा आणि पर्यवेक्षिकेचा नंबर.

तळावर पोचल्यावर एकटीने जाऊ नका. दोन-तीन बायांनी यादी घेऊन जवळच्या अंगणवाडीत जावं. 'तुम्ही आमच्या गावच्या नाही' असं उत्तर आलं तर ती यादी तिथल्या तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला द्या. कर्नाटकात गेलात तरी तिथल्या अंगणवाड्यांना हाच केंद्रीय कायदा लागू आहे.

रेशनही सोबत नेता येतं. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे कोणत्याही राज्यातल्या दुकानात अंगठा देऊन आपलं धान्य उचलता येतं, आणि घरी राहिलेले म्हातारे त्याच कार्डावर आपला वाटा गावात घेऊ शकतात. मात्र नव्या सुनेचं नाव कार्डावर असायला हवं. माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला घेऊन सासरी लगेच नाव चढवा. लग्न होऊन दोन वर्षं झाली आणि बाई कोणत्याच कार्डावर नाही, असं सर्रास दिसतं. तिचं महिन्याचं ५ किलो धान्य तेवढा काळ बुडतं, आणि मग बाळाचंही. दुकानदाराची तक्रार १९६७ वर करता येते.

तोंडी नको, कागदावर

सेविकेशी भांडून काही होत नाही. पाकिटं वरून आली नाहीत तर ती कुठून देणार? त्यामुळे पहिला अर्ज पर्यवेक्षिकेमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला, गावाच्या पातळीवरची अडचण म्हणून, कोणावर आरोप न करता. असा:

> प्रति, बालविकास प्रकल्प अधिकारी, तालुका ______
> विषय: ______ अंगणवाडीतून आहार न मिळण्याबाबत.
> महोदय/महोदया,
> मी/माझे मूल वरील अंगणवाडीचे लाभार्थी आहोत. ______ या महिन्यापासून घरपोच आहार मिळालेला नाही / नाव नोंदवले गेलेले नाही / चेहरा न जुळल्याने आहार नाकारला गेला. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ च्या कलम ४/५/६ नुसार हा आहार मिळण्याचा आम्हाला हक्क आहे. कृपया आहार कधीपासून मिळेल आणि मागील महिन्यांचे काय, हे लेखी कळवावे.
> नाव, सही/अंगठा, मोबाइल, तारीख

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाच्या उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, शहरात असाल तर नागरी प्रकल्पाच्या कार्यालयात. त्यानंतर अन्नसुरक्षा कायद्यातले जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यांच्यावर राज्य अन्न आयोग. समांतर 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार टाकता येते, तिचा क्रमांक जपून ठेवा. एका बाईच्या अर्जापेक्षा दहा बायांच्या सह्यांचा अर्ज लवकर हलतो, आणि एकटीवर राग निघण्याची भीतीही कमी होते.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, उत्तर ३० दिवसांत. त्यात 'आहार का मिळत नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. विचारा: या अंगणवाडीत मागच्या सहा महिन्यांत कोणत्या तारखेला किती पाकिटं आली, किती लाभार्थी नोंदलेले होते, वाटपाच्या नोंदवहीची प्रत.

आणि वस्तीत अंगणवाडीच नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यायची. झोपडपट्टीलाही हे लागू आहे. घरोघर फिरून मुलांची यादी करा, ग्रामसभेचा ठराव किंवा शहरात वस्तीतल्या पालकांच्या सह्या जोडा, आदेशाची तारीख अर्जात लिहा. नव्या मंजुऱ्या केंद्राकडून मोजून येतात, म्हणून तीन महिन्यांत होईल यावर विसंबू नका. त्याच अर्जात दुसरी मागणीही लिहून टाका: मंजुरी येईपर्यंत या मुलांची नावं जवळच्या अंगणवाडीत घ्यावीत आणि आहार वस्तीवर पोचवावा.